मांजरीच्या पिल्लांचे डोळे चिकटल्यास : कुटुंबांसाठी माहिती

होळीनंतर आणि पुन्हा पावसाळ्यात जबलपूरच्या जुन्या वस्त्यांत माळ्यावर, जिन्याखाली, बंद पडलेल्या खोलीत मांजर व्यायलेली असते. आठ-दहा दिवसांनी घरातील मुले पिल्ले पाहावयास जातात, तेव्हा एखाद्या पिल्लाचे डोळे पिवळट चिपडांनी घट्ट चिकटलेले आढळतात. अशा वेळी आरोग्य केंद्रात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. हे मुलांना लागेल काय? आणि घरात डोळ्याचे औषध आहे, त्यातील थेंब घालावेत काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देणे आवश्यक आहे, कारण पिल्लाचा डोळा बहुधा तेथेच जातो.

घरातील थेंब घालू नयेत

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दिलेली किंवा कोणाचे डोळे आले असता आणलेली अर्धी बाटली अनेक घरांच्या कपाटात असते. अशा अनेक औषधांत प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइड मिसळलेले असते. बाटलीवरील बारीक अक्षरांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी एखादे नाव असल्यास ते औषध पिल्लासाठी घातक समजावे.

याचे कारण असे. लहान पिल्लांच्या डोळ्यांच्या संसर्गामागे पुष्कळदा मांजरांचा हर्पीस विषाणू असतो. क्लॅमिडिया व मायकोप्लाझ्मा हे जंतूही आढळतात आणि मागाहून इतर जिवाणू त्यात भर घालतात. हर्पीस विषाणू बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर, म्हणजे पारपटलावर, व्रण निर्माण करू शकतो. स्टेरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती दडपते. प्रथम लाली ओसरते, सूज उतरते आणि औषध लागू पडले असे घरच्यांना वाटते. आत मात्र व्रण खोल जात असतो. तो आरपार गेला, तर डोळा फुटतो. लाली कमी झाली म्हणजे रोग कमी झाला असे येथे समजता येत नाही.

काजळ, मध, गुलाबपाणी, तुरटीचे पाणी, आईचे दूध हे घरगुती उपायही करू नयेत. पिल्लाचे अंग गरम लागले म्हणून पॅरासिटामॉल तर एक थेंबही देऊ नये. माणसाचे यकृत ज्या रीतीने ते निष्प्रभ करते, ती क्षमता मांजरात अत्यल्प असते. अगदी थोड्या मात्रेनेही मांजर दगावते.

मिटलेला डोळा आणि चिकटलेला डोळा

पिल्ले जन्मतः डोळे मिटलेलीच असतात. साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान डोळे उघडतात; कधी एक आधी, दुसरा नंतर. नाळेचा वाळलेला तुकडा अद्याप पोटाला असेल, तर पिल्लू अवघे काही दिवसांचे आहे असे समजावे आणि मिटलेल्या डोळ्यांची चिंता करू नये. परंतु मिटलेली पापणी फुगलेली दिसत असेल किंवा तिच्या कोपऱ्यातून पू झिरपत असेल, तर आत पू साचला आहे. हे दृश्य किरकोळ भासते, तरीही त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे जाणे अगत्याचे आहे. पापणी उघडून पू बाहेर काढणे हे त्यांचे काम. बोटांनी पापण्या ओढू नयेत.

घरी काय करावे

आपले काम दोन गोष्टींचे आहे : स्वच्छता आणि ऊब. पाणी उकळून कोमट होऊ द्यावे. स्वच्छ कापसाचा बोळा त्यात भिजवून चिकटलेल्या डोळ्यावर एक-दोन मिनिटे नुसता ठेवावा, म्हणजे चिपडे मऊ होतात. नंतर नाकाकडील कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूस हलकेच पुसावे. प्रत्येक डोळ्यासाठी व प्रत्येक पिल्लासाठी निराळा बोळा घ्यावा. एका फेरीत न सुटल्यास खरवडू नये, थोड्या वेळाने पुन्हा शेक द्यावा. दिवसातून तीन-चार वेळा हे करावे लागते.

डोळ्यांबरोबर नाक चोंदले असेल, तर धोका वाढतो. मांजराची भूक वासावर चालते. वास येईनासा झाला की पिल्लू दूध सोडते आणि लहान पिल्लू काही तासांतच खचते. म्हणून नाकही त्याच रीतीने पुसावे. पिल्लू हाताला थंड लागत असेल, तर आधी ऊब द्यावी, दूध नंतर. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली खोक्याच्या एका बाजूस ठेवावी, म्हणजे नकोसे झाल्यास पिल्लाला दूर सरकता येते. आई जवळ असल्यास पिल्ले तिच्यापासून तोडू नयेत. आई नसल्यास गायीच्या दुधाऐवजी मांजरीच्या पिल्लांसाठी मिळणारी दूधभुकटी वापरावी आणि पिल्लाला पोटावर ठेवूनच पाजावे. उताणे पाजल्यास दूध फुप्फुसात जाते.

पशुवैद्यकांकडे

जबलपुरात १९४८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आज ते सिव्हिल लाइन्स भागातील नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांकही उपलब्ध आहे. तपासणीत डॉक्टर डोळ्यात एक नारिंगी रंगद्रव्य घालतात. पारपटलावर व्रण असल्यास ती जागा हिरवी चमकते. कोणते मलम द्यावयाचे, हे त्यानंतरच ठरते. शक्य झाल्यास आई व सर्व पिल्ले एकत्र न्यावीत. एकाचे डोळे आले असता इतरांना संसर्ग झालेला असण्याची शक्यता मोठी असते. दिलेले मलम दोन दिवसांत डोळे स्वच्छ दिसू लागले म्हणून बंद करू नये. बुबुळ धुरकट किंवा निळसर दिसले, पिल्लू डोळा मिटूनच ठेवू लागले किंवा दूध सोडले, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये.

हर्पीस झालेली बहुतेक मांजरे बरी झाल्यावरही विषाणू अंगात बाळगून राहतात. त्यामुळे जागा बदलली, वीण झाली किंवा अन्य ताण आला, की डोळे पुन्हा वाहू शकतात. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होणारी लस संसर्ग सर्वस्वी टाळत नाही, मात्र आजाराची तीव्रता पुष्कळ कमी करते.

मुलांना लागेल काय

मांजरांचा हर्पीस विषाणू माणसांना होत नाही. पावसाळ्यात मुलांचे डोळे येतात, ते बहुधा माणसांतच पसरणाऱ्या ॲडिनोविषाणूमुळे. त्याचा दोष पिल्लावर ठेवून त्याला बाजारात सोडून येणे अन्यायाचे आहे. मांजरांतील क्लॅमिडिया मात्र क्वचित माणसाच्या डोळ्यांना बाधतो. म्हणून पिल्लाला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि तोवर स्वतःच्या डोळ्यांना हात लावू नये. गर्भवती स्त्रियांनी मांजराची विष्ठा साफ करण्याचे काम घरातील अन्य व्यक्तीकडे सोपवावे.

शुश्रूषा करताना पिल्लाने किंवा त्याच्या आईने चावा घेतला अथवा ओरखडा काढला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. त्यावर हळद, चुना, तिखट लावू नये. त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात जाऊन रेबीजची लस घ्यावी. डोळे न उघडलेले पिल्लू निरुपद्रवी वाटते; पण त्याची भटकी आई कोठे फिरून आली, हे घरात कोणास ठाऊक नसते.