कर्नलच्या पत्त्यांची झडती घेताना

कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजेच कर्नल, मेमरीत नेमका कोठे बसला आहे हे सामान्य वापरकर्त्याला कळू नये, यासाठी लिनक्समध्ये ‘केएएसएलआर’ ही योजना असून २०१४ साली ३.१४ या आवृत्तीत दाखल झालेल्या या योजनेनुसार संगणक सुरू होताना दर वेळी कर्नलची जागा बदलते. मात्र ६४-बिट एक्स८६ संगणकावर कर्नल साधारण १ जीबीच्या पट्ट्यात २ एमबीच्या टप्प्यांनीच हलू शकत असल्याने संभाव्य जागा जास्तीत जास्त ५१२ उरतात, आणि एखाद्या ओळखीच्या फंक्शनचा एकच पत्ता बाहेर फुटला तरी साध्या वजाबाकीने उरलेले सारे पत्ते हाती लागतात.

अशा गळत्या हुडकण्यासाठी टोबिन हार्डिंग यांनी लिहिलेली ‘लीकिंग ॲड्रेसेस’ ही पर्ल स्क्रिप्ट २०१७ पासून कर्नलच्या सोर्स कोडबरोबरच मिळते. ती कर्नलचे संदेश आणि ‘प्रॉक’ व ‘सिस’ या आभासी फाइल प्रणाली वाचून ‘एफएफएफएफ’ने सुरू होणाऱ्या सोळा अंकी षोडशमान संख्या शोधते. ही झडती रूट खात्यातून घेणाऱ्याची हमखास फसगत होते, कारण ‘केप्टर रिस्ट्रिक्ट’ या नियंत्रणाचे मूल्य २ नसेल तर ‘कॉलसिम्स’ या फाइलीतील खरे पत्ते रूटला दिसतातच. तेव्हा प्रश्न सामान्य वापरकर्त्याला काय दिसते हा असल्याने झडतीही त्याच्याच खात्यातून घ्यावी. स्वतः रचलेल्या ग्रेपने काम भागवू पाहणाऱ्याला तर प्रत्येक प्रक्रियेच्या ‘स्टेटस’ फाइलीतील सिग्नलांचे मास्क, म्हणजे कोणते सिग्नल अडवले वा दुर्लक्षिले हे सांगणारे बिटसंच, पत्त्यांसारखे भासून नाहक घाबरवतात. मूळ स्क्रिप्ट त्या ओळी गाळते. याउलट, ४.१५ आवृत्तीपासून छापील पॉइंटर हॅश केले जात असल्याने आठ शून्यांनी सुरू होणारे मूल्य दिसले तर ते सहसा हॅशच असते.

झडतीत काहीच न सापडणे हा निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. स्क्रिप्ट फक्त मजकूर वाचते. ड्रायव्हरने वापरकर्त्याच्या प्रोग्रामला बायनरी स्वरूपात सोपवलेल्या स्ट्रक्चरमधील रिकाम्या, शून्य न केलेल्या बाइट्समधून निसटलेला पत्ता तिच्या नजरेस पडत नाही, आणि अशा गळत्या, खरे तर, अधिक त्रासदायक असतात. डीबगिंगसाठी हॅशिंग बंद करणारा ‘नो हॅश पॉइंटर्स’ हा पर्याय बूट ओळीत तसाच राहिला आहे का, हेही आधी पाहावे.

गळती खरी ठरल्यास पत्ता छापणारी ओळ मुळात लागतेच का हे तपासून, लागत नसेल तर ती काढून टाकावी, आणि संबंधित देखभालकर्त्याला कळवताना सोबतच्या लॉगमधील प्रत्यक्ष पत्ते पुसावेत, कारण तो संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत तेच पत्ते लागू असतात आणि सर्व्हर तर महिनोन्‌महिने बंद होत नाहीत.