गुहेचे राखणदार

फ्रान्स देशाच्या नैर्ऋत्य भागात वेझेर नदीच्या काठी माँतिन्याक नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाशेजारी दाट झाडीची एक टेकडी असून तिच्यावर लास्को नावाचा जुना वाडा आहे. त्या वाड्याकडे जाणारे एक गुप्त भुयार टेकडीच्या पोटात आहे, अशी दंतकथा गावातील मुले लहानपणापासून ऐकत असत.

इ. स. १९४० सालचा सप्टेंबर महिना होता. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीमुळे पुष्कळ कुटुंबे पॅरिस सोडून खेडोपाडी आश्रयाला आली होती. ता. ८ रोजी मार्सेल राव्हिदा हा तरुण आपल्या कुत्र्यासह टेकडीवर गेला असता, उन्मळून पडलेल्या एका झाडापाशी त्याला एक बीळ आढळले. त्याने आत दगड टाकून पाहिले. दगड बराच वेळ गडगडत खाली गेले. दंतकथेतील भुयार ते हेच, असे त्याला वाटले.

मार्सेल मोटारदुरुस्तीच्या कामावर उमेदवारी करीत असे. वंगणाच्या पंपात वात बसवून त्याने एक दिवा तयार केला आणि ता. १२ रोजी तो पुन्हा टेकडीवर गेला. या वेळी झाक मार्साल, झॉर्झ आन्येल आणि सिमाँ कोएन्कास हे तिघे मित्र त्याच्याबरोबर होते. त्यांनी सुऱ्याने माती उकरून बिळाचे तोंड मोठे केले. मार्सेल प्रथम आत शिरला आणि घसरत, गडगडत तळाशी पोहोचला. त्याच्यामागून एकेक करून इतरही उतरले.

एक मोठे दालन ओलांडून ते अरुंद वाटेत शिरले. मार्सेलने दिवा वर धरताच चौघेही थबकले. भिंतींवर आणि छतावर तांबडे, काळे, पिवळे घोडे धावत होते. रानबैल आणि सांबरे उभी होती! भुयार नव्हतेच ते. सुमारे सतरा ते वीस हजार वर्षांपूर्वीच्या मानवाने रंगविलेली ती गुहा होती. तेथील एक बैल तर पाच मीटरांहून अधिक लांब आहे.

दुसऱ्या दिवशी मुलांनी दोर आणला. गुहेत विहिरीसारखा एक खोल खड्डा होता. मित्रांनी दोर घट्ट धरला आणि त्यांच्या हातांवर भरवसा ठेवून मार्सेल त्या अंधारात उतरला. तळाशी एक जखमी गवा आणि त्याच्यासमोर पडलेला पक्षिमुखी माणूस रंगविलेला होता.

ही गोष्ट कोणाला सांगायची नाही, असे मुलांनी ठरविले होते. परंतु असे गुपित फार दिवस टिकत नाही. अखेर त्यांनी आपले शिक्षक लेआँ लाव्हाल यांना ती सांगितली. मुले थट्टा करीत असावीत, अशी गुरुजींना प्रथम शंका आली. पण चित्रे स्वतः पाहिल्यावर ते थक्क झाले. कोणालाही चित्रांना हात लावू देऊ नका, असे त्यांनी मुलांना बजावले. ता. २१ रोजी प्राचीन गुहाचित्रांचे थोर अभ्यासक आंरी ब्रय तेथे आले आणि चित्रे खरोखरच अतिप्राचीन आहेत, असा त्यांनी निर्वाळा दिला.

सुट्टी संपताच झॉर्झ आणि सिमाँ पॅरिसला परतले. मार्सेल आणि झाक यांनी मात्र गुहेच्या तोंडाशी राहुटी ठोकली. बघ्यांची गर्दी वाढत होती. ते दोघे रात्रंदिवस पहारा करू लागले. थंडी पडली, तरी झाक तेथून हलला नाही. पुढे आयुष्यभर तो त्या गुहेचा वाटाड्या आणि रक्षक होऊन राहिला.

गुहा १९४८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. दररोज हजाराहून अधिक माणसे तेथे येऊ लागली. कोणी चित्रांना धक्का लावला नाही, तरी एवढ्या माणसांच्या श्वासांतील वायू आणि ओलावा भिंतींवर साचत गेला. हजारो वर्षे टिकलेल्या चित्रांजवळ हिरवे शेवाळ दिसू लागले. म्हणून १९६३ मध्ये गुहा बंद करण्यात आली. तिच्या प्रतिकृती तयार करून त्या १९८३ आणि २०१६ मध्ये खुल्या झाल्या. आज प्रवासी त्याच पाहतात.

महाराष्ट्रातील अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये शिकारीस आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली. त्याने दहाव्या लेण्यातील एका खांबावरच्या चित्रावरच आपले नाव आणि तारीख कोरली. माँतिन्याकच्या मुलांनाही अमोल ठेवा सापडला होता. त्यांनी त्याच्या दाराशी राहुटी ठोकली. ठेवा शोधणाऱ्याचे नाव होते हे खरे. पण तो पुढच्या पिढ्यांना मिळतो, तो राखणाऱ्यामुळेच.