सा-ग-प : पेटीवर कॉर्ड कशी बनते?



पवित्र मिस्साच्या वेळी पेटी किंवा कीबोर्ड वाजवणारी आपली मुले-मुली कॉर्डची नावे पाठ करतात. परंतु ती कॉर्ड कशी बनली हे ठाऊक नसले, तर गीताची पट्टी बदलताच हात अडखळतो, आणि त्याबरोबर लोकांचे गाणेही. म्हणून हा लहानसा पाठ. सा-रे-ग-म येणाऱ्या कोणालाही तो समजेल.

कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे, एकमेकांशी जुळणारे तीन स्वर. सप्तकात काळ्या-पांढऱ्या मिळून १२ पट्ट्या असतात. सा धरा. तो सोडून वर मोजत चौथ्या पट्टीवर या. हा शुद्ध ग. तेथून तिसरी पट्टी म्हणजे प. सा-ग-प ही झाली मेजर कॉर्ड. आधी तीन व मग चार मोजल्यास सा, कोमल ग, प मिळतात. ती मायनर कॉर्ड. मेजर प्रसन्न वाटते, मायनर गंभीर. सा पांढरी एकचा असो वा काळी चारचा, मोजणी तीच राहते.

हेच स्वर का जुळतात? सा ची कंपने सेकंदाला २४० धरली, तर ग ची ३०० आणि प ची ३६० होतात. म्हणजे ४:५:६ असे साधे प्रमाण. मिरजेचा तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. सा-ग-प हा मेळ परका नाही, तो नादातच आहे. पेटीसुद्धा युरोपातून आली, पण आपल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) यांच्यासारख्या वादकांनी तिला आपलीशी केली.

आता तीन कॉर्ड शिका :

१) सा-ग-प
२) म-ध-सा
३) प-नी-रे

तिन्ही मेजर आहेत आणि त्यांत सातही शुद्ध स्वर आले. त्यामुळे पुष्कळशा सोप्या गीतांना एवढ्या पुरतात. ज्या स्वरावर जोर येतो, तो कोणत्या कॉर्डमध्ये आहे ते पाहा. सा आणि प दोन-दोन कॉर्डमध्ये आहेत. तेथे कानाला विचारा. शेवट बहुधा सा-ग-प वर होतो. हात फार हलवू नका. सा-ग-प वरून म-ध-सा कडे जाताना सा तसाच दाबून ठेवा. ग चे बोट म वर आणि प चे बोट ध वर सरकवा. स्वरांचा क्रम बदलला तरी कॉर्ड तीच राहते.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, गीत रागावर बांधलेले असेल तर रागाचे स्वर आधी पाहा. भूपात म आणि नी नाहीत. तेथे सा-ग-प आणि ध-सा-ग (ही मायनर) एवढ्या दोनच कॉर्ड बसतात. म-ध-सा वाजवली तर रागात नसलेला म घुसतो आणि गाणाऱ्याचा सूर ढळतो. दुसरी, पेटीचे १२ स्वर समान अंतरावर लावलेले असतात, म्हणून तिचा ग ३०० ऐवजी सुमारे ३०२ कंपनांचा, किंचित चढा असतो. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली २२ श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्यात स्वरांच्या अशाच सूक्ष्म फरकांचा विचार आहे. मनुष्याचा गळा नैसर्गिक ग कडे झुकतो. म्हणून कॉर्ड हळू वाजवावी. आवाज लोकांचा ऐकू यावा, यंत्राचा नव्हे.

देवाचा गौरव आणि श्रद्धावंतांचे पवित्रीकरण हा उपासनेतील संगीताचा हेतू आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सांगितले. मागच्या बाकावरील आजीबाईंना प्रतिसाद-स्तोत्राचा सूर सहज सापडला, तर वादकाची सेवा सफल झाली असे समजावे.

या आठवड्यात रोज दहा मिनिटे या तीन कॉर्ड वाजवून पाहा. मग पट्टी बदला आणि पुन्हा मोजा. पुढच्या रविवारी आपण सर्व मिळून प्रभूची स्तुती एका सुरात गाऊ या.