टॅपेट आधी ओळखावे, मग स्क्रू फिरवावा

जुन्या गाडीच्या इंजिनात टॅपेट दोन प्रकारचे आढळते: साधे आणि हायड्रॉलिक. साधे टॅपेट अखंड धातूचे असते. इंजिन तापले की व्हॉल्व्हचा दांडा लांबतो, म्हणून दांडा आणि रॉकर यांच्यात फट ठेवावीच लागते. हायड्रॉलिक टॅपेटच्या पोटात प्लंजर आणि स्प्रिंग असते; इंजिन ऑइलच्या दाबावर ते ही फट स्वतःच भरून काढते.

कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावात, महामार्गालगत दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या गाड्यांत दोन्ही प्रकार भेटू शकतात. १४८९ सीसीच्या पेट्रोल अँबॅसिडरचे टॅपेट साधे, फट ०.०१५ इंच. १९९५ मध्ये भारतात आलेल्या देवू सिएलोचे हायड्रॉलिक. पण गाडीच्या नावावर विसंबू नये. जुन्या गाडीचे इंजिन बदललेले असू शकते.

'टॅपेट वाजतंय' एवढ्यावरही निदान होत नाही. साधे टॅपेट हलकी टिकटिक सतत करते. हायड्रॉलिक रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू केल्यावर काही क्षण वाजते आणि गप्प होते. मात्र ऑइल कमी किंवा खराब असेल, तर तेही वाजत राहते. रॉकरवरचा फट जुळवायचा स्क्रू आणि लॉकनट हाही साध्या टॅपेटचा पक्का पुरावा नाही. काही अमेरिकी व्ही-८ इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट असूनही रॉकरवर नट असतो, तर काही साध्या टॅपेटांत स्क्रूऐवजी शिम असते.

खात्री होते ती टॅपेट कव्हर काढल्यावर. इंजिन थंड असताना पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सर्वांत वर) आणावा, म्हणजे त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात. रॉकरखाली फिलर गेज सहज सरकला, तर टॅपेट बहुधा साधे. फट नसेल आणि रॉकरचे पुशरॉडकडचे टोक दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसले, तर हायड्रॉलिक. ऑइल उतरून गेलेले हायड्रॉलिकही फट दाखवते. अशा वेळी टॅपेट बाहेर काढून पाहावे. वरच्या खोलगट भागाभोवती तारेची सर्क्लिप दिसली की शंका उरत नाही. अंगावरचे ऑइलचे छिद्र मात्र साध्यालाही असू शकते.

न ओळखता स्क्रू फिरवला की खर्च वाढतो. आवाज नको म्हणून साध्या टॅपेटची फट शून्यावर आणली, तर तापल्यावर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जाते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो आणि हेड उतरवावे लागते. हायड्रॉलिकला फट ठेवली, तर ते वाजतच राहते. टॅपेट बदलतानाही प्रकार बदलू नये, कारण कॅमशाफ्टच्या लोबचा उतार त्या प्रकाराप्रमाणेच घडवलेला असतो.

अँबॅसिडरच्या आठ व्हॉल्व्हना नऊचा हिशेब लागतो, म्हणजे दोन्ही क्रमांकांची बेरीज नऊ: आठवा पूर्ण दाबला असता पहिला सेट करावा, सहावा दाबला असता तिसरा. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा सोबत फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर फट पुन्हा मोजावी.