अभयारण्यातील मुक्काम

प्रश्न : आम्ही सेवानिवृत्त दांपत्य आहोत. निजण्याची सोय असलेल्या गाडीतून हिवाळ्यात सातारा-सांगलीकडील अभयारण्ये पाहावयाची आहेत. रात्री गाडीतच राहता येईल काय?

उत्तर : आपला मनोदय स्पृहणीय आहे, तथापि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अभयारण्यात परवान्याखेरीज वास्तव्य करता येत नसल्यामुळे, गाडी हद्दीबाहेरील गावात, जागेच्या मालकाच्या संमतीने उभी करणे इष्ट. आरंभ सागरेश्वरापासून करावा. उजाड टेकड्यांवर मनुष्याने परिश्रमपूर्वक वृक्ष लावून निर्माण केलेले ते अरण्य मला विशेष प्रिय आहे. कोयना व चांदोली २०१० पासून सह्याद्री व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट असल्याने तेथे वनखात्याची परवानगी आगाऊ घ्यावी. थंडी कितीही असो, बंद गाडीत कोळशाची शेगडी पेटवून निजू नये. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड गंधहीन आणि प्राणघातक असतो.