तेल वरून गळतं, डाग खाली दिसतो

माझी चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. टॅपेट कव्हरचं पॅकिंग मी घरीच बदलतो. ज्याला हत्यारं धरता येतात, त्याने हे काम शिकून घ्यावंच, असं माझं ठाम मत आहे.

१. आधी गळतीचा उगम शोधावा. पॅकिंगमधून झिरपलेलं ऑईल इंजिनावरून ओघळत गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी जमतं आणि क्रँकचं मागचं ऑईल सील गेल्यासारखं दिसतं. त्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पॅकिंगचं काम बहुतेक साध्या गाड्यांत काहीशे रुपयांत होतं. म्हणून इंजिन पुसून कोरडं करावं, दोन-चार दिवस गाडी चालवावी आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत यावं. सगळ्यांत वर जिथे ओल दिसेल, तिथून सुरुवात. घाट चढून थांबल्यावर जळक्या ऑईलचा वास येत असेल, तर ते तापलेल्या एक्झॉस्टवर पडत असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी काम पुढे ढकलू नये.

२. इंजिन पूर्ण गार हवं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, कनेक्टर आणि होजचे फोटो घ्यावेत. उष्णतेने प्लास्टिकचे लॉक ठिसूळ झालेले असतात, ते दाबूनच सोडवावेत.

३. कॉइल उपसल्यावर तिच्या टोकाला ऑईल लागलेलं दिसलं, तर प्लगच्या नळीची सीलंही गेली आहेत. इंजिन मिसिंग करत असेल, तर कारण इथे असू शकतं. ती सीलं आणि बोल्टखालचे रबरी वॉशर पॅकिंगबरोबरच बदलावेत. प्लगच्या नळीत साचलेलं ऑईल प्लग खोलण्याआधी टिपून घ्यावं, नाहीतर ते थेट सिलिंडरमध्ये उतरतं.

४. कव्हर उचलल्यावर खरं काम साफसफाईचं. जुनं पॅकिंग उन्हात वाळलेल्या आमसुलासारखं कडक झालेलं असतं, त्याचे तुकडे खाचेत अडकतात. हेड ॲल्युमिनियमचं असतं. त्यावर पातं किंवा पॉलिश पेपर चालवला की ओरखडे पडतात आणि नवं पॅकिंगही तिथून झिरपतं. मी प्लास्टिकची पट्टी आणि ब्रेक क्लीनर लावलेलं सुती फडकं वापरतो. कॅमशाफ्टच्या बाजूला धागे न सुटणारं कापड अंथरतो, कारण तिथे पडलेला कचरा थेट ऑईलमध्ये जातो. हेड आणि कव्हर, दोन्हींच्या पृष्ठभागांवरून बोट फिरवावं. तेलकटपणा लागला, तर पुन्हा पुसावं. इथे घाई करणाऱ्याने हे काम हाती घेऊच नये.

५. सगळीकडे सिलिकॉन फासायची पद्धत मला मुळीच पटत नाही. रबरी पॅकिंग कोरडंच बसतं. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या कोपऱ्यांवर, म्हणजे सहसा टायमिंग कव्हर आणि हेड जिथे मिळतात तिथे, लहानसा ठिपका पुरतो. जास्तीचं सिलिकॉन आत दाबलं जातं, सुटून संपमध्ये पडतं आणि ऑईल पंपाच्या जाळीत अडकू शकतं. मग धोका थेट बेअरिंगना.

६. बोल्ट आधी हाताने लावावेत, मग मधून बाहेर, आलटून पालटून कसावेत. ६ मिमीच्या या बोल्टांना साधारण १० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. नेमका आकडा मॅन्युअलमधला. चाकाच्या नटांचा मोठा टॉर्क रेंच इतक्या कमी टॉर्कला भरवशाचा नसतो, पाव इंची रेंच हवा. जास्त कसलं की गळती थांबते, हा समज चुकीचा आहे. त्याने पॅकिंग चेपतं, प्लास्टिकचं कव्हर तडकतं, नाहीतर हेडमधले आटे जातात.

७. पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासल्याशिवाय काम संपवू नये. पिस्टनच्या रिंगांतून खाली उतरलेला वायू याच वाटेने इनटेकमध्ये परत जातो. व्हॉल्व्ह काजळीने जाम झाला की आतला दाब वाढतो आणि पॅकिंगच्या कडेने ऑईल बाहेर ढकलतो. बऱ्याच गाड्यांत व्हॉल्व्ह काढून हलवला की खुळखुळतो. आवाज नसेल तर नवा घालावा. वर्ष-दोन वर्षांतच पॅकिंग पुन्हा गळू लागलं, तर मी आधी हाच व्हॉल्व्ह काढून बघतो.