पाय घसरला, की मार बसला?

(पती-पत्नी दोघांनी मिळून वाचावे.)



कर्जत-खालापूरकडे पाऊस मुसळधार. लावणीच्या दिवसांत बांधावरून पाय घसरणे नेहमीचेच. दवाखान्यात आलेली बाई म्हणते, "पडले हो, सिस्टर." कधी ते खरे असते, कधी नसते. सिस्टरला ते कसे कळते?

कशावरून ओळखतात?

१. पडणारा माणूस हात टेकतो. म्हणून तळहात, कोपर, गुडघे खरचटतात. मार बहुधा तोंडावर, मानेवर, पाठीवर, पोटावर बसतो. मार चुकवायला हात आडवा धरला, तर हातावर वळ उठतात. कधी हाडही मोडते.

२. अंगावर जुने आणि ताजे वळ एकदम दिसतात.

३. दुखापत आठ दिवसांपूर्वीची, दवाखान्यात येणे आज.

४. विचारावे बाईला, उत्तर देतो नवरा नाहीतर सासू.

५. डोके दुखतं, कंबर दुखतं, झोप नाही म्हणून बाई सारखी येते. तपासणीत काही सापडत नाही.

६. गरोदरपणी पोटाला मार. किंवा, "तांबी बसवा, पण घरी कळू देऊ नका."

एका खुणेवरून कोणी दोषी ठरत नाही. म्हणून सिस्टर बाईला एकटीला विचारते, "घरी कोणी मारतं का? घरी जायची भीती वाटते का?" अशा वेळी नवऱ्याने घटकाभर बाहेर थांबावे. यात अपमान नाही. हा तपासणीचाच भाग आहे.

ही रीत कुठून आली?

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि 'सेहत' संस्थेने 'दिलासा' केंद्र सुरू केले. मलमपट्टी करून बाईला घरी न धाडता तिला सल्ला आणि आधार मिळू लागला. डॉक्टर-परिचारिकांनाही अशा खुणा ओळखायला शिकवले गेले.

कायदा काय सांगतो?

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. मारहाणच नव्हे, तर शिवीगाळ, लैंगिक जबरदस्ती आणि खर्चाचे पैसे अडवणे हीदेखील हिंसाच. मदतीसाठी संरक्षण अधिकारी असतात.

भगिनींनो, खरे ते सांगा. जखमा केसपेपरवर लिहून घ्या. पुढे तो पुरावा होतो. गळा दाबला असेल, तर वर काही दिसत नसले तरी डॉक्टरांना जरूर सांगा. मदतीसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ हा फोन लावा.

बंधूंनो, मुलगी झाली म्हणून हात उगारता? मुलगा की मुलगी, हे बापाच्या बीजावर ठरते. त्यात आईचा काय दोष? मूल केव्हा हवे, किती हवीत, हे दोघांनी बसून ठरवावे.

लक्षात ठेवा: धाकाने ठरते ते नियोजन नव्हे. दोघांचा विचार, सुखाचा संसार!